विद्येच्या झाडाला सांगितलेली अफवा

अख्ख्या डोंबिवलीत झाडांना अफवा सांगणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. मी इथला वॉचमन. सातवीतून शाळा सुटलेली, गाव किनवटच्याही पलीकडे. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनीच शब्द टाकला म्हणून नोकरी लागली, त्यामुळे त्यांचं कुठलंही काम विचित्र वाटून घ्यायची मला सोय नव्हती.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. एका तापात त्यांचं नाक गेलं. म्हणजे नाक होतं, चांगलं धारदार, पण वास येईना. दूध रोज करपायचं आणि सर ते शांतपणे प्यायचे. एकदा गॅसचा वास आला म्हणून मी धावत वर गेलो, तर सर उघड्या शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "तुला येतोय होय वास?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती नव्हती, हेवा होता.

गेटजवळ विद्येची दोन झाडं आहेत, बारा महिने हिरवी. दसऱ्याला पोरं पुस्तकात पानं ठेवतात ती. सरांच्या बायकोने दोन्ही एकाच दिवशी लावलेली. त्या आता नाहीत. सरांना त्या पानांचा वास एकदा, एकदाच, पुन्हा यायला हवा होता. नाक सुधारत नाही तर वासच मोठा करू, असं त्यांनी ठरवलं. अळी पान कुरतडू लागली की झाड आतल्या आत एक रसायन करतं, सावध होतं, आणि त्याचा वास बदलतो. जाईच्या फुलातही असतं म्हणे ते. तेच बाहेरून फवारलं की अळी नसतानाही झाड घाबरतं. सर दर रविवारी डाव्या झाडावर ते फवारायचे आणि उजव्यावर नुसतं पाणी, फरक कळावा म्हणून.

"सर, हे काय मारताय? उंदराचं औषध आहे का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बातमी आहे. खोटी," सर म्हणाले. "पण झाडही तुमच्यासारखंच, तपासून बघत नाही."

दुसऱ्या दिवशी तिथे सरांच्या अक्षरात पाटी लागली: 'पाने तोडू नयेत. झाड आजारी नाही, घाबरलेले आहे.' तेव्हापासून मंडळी त्या झाडाला वळसा घालून जायची.

नाकाची ड्युटी माझी. "अरे, आज कसा?"

"कापरासारखा, सर. आईच्या ट्रंकेतल्या."

"आणि परवाचा?"

"परवा वरून लिंबाची साल होती. आज ती दबली."

"सारखं तुझ्या घरचंच काय सांगतोस रे," म्हणायचे, पण डोळे मिटून ऐकायचे. मग स्वतः फांद्यांत तोंड खुपसायचे. बाहेर यायचे तेव्हा मिशीला कोळिष्टक, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.

असे दोन पावसाळे गेले. उजवं झाड कुंपणाच्या वर निघालं, डावं माझ्या खांद्याशीच थांबलं. एका रविवारी सर पंप हातात घेऊन नुसते उभे राहिले. "सगळी ताकद पहाऱ्यात गेली रे याची. वाढायला उरलीच नाही." मग माझ्याकडे बघितलं. गावाहून मिस्ड कॉल आलेला, त्या धास्तीने मी सकाळपासून जेवलो नव्हतो. "तुझंही तेच. आई आंबे उतरवले सांगायला फोन करते, आणि तू आधी विचारतोस, कोण गेलं." पंप त्यांनी माझ्या हातात दिला. "धुऊन ठेव. याला भिववून मला वास नको."

त्या थंडीत सर गेले. वास शेवटपर्यंत आला नाही.

डाव्या झाडाला आता कोवळे शेंडे आलेत, तरी ते बुटकंच राहिलंय. पाटी कुणीतरी काढून टाकली. या दसऱ्याला पोरांनी पानं ओरबाडली, तेव्हा मी एक चुरडून बघितलं. लिंबाची साल परत आली होती. सांगायला म्हणून मान वर केली, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नव्या भाडेकरूंचे कपडे वाळत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा. तोंडावर आलेला प्रश्न मी गिळला आणि म्हटलं, "ट्रंकेत कापूर अजून ठेवतेस का गं?"