फाट्यापर्यंतचं तिकीट

आमच्या गावात बस यायची ती बुद्धविहारासमोर वळण घेऊन परत जायची, कारण तिथून पुढे रस्ता नाही, नुसतं सालेकशाकडचं जंगल. गावात आधीच माणसं मोजकी. धान कापून झाला की तरुण पोरं नागपूर, हैदराबादला कामाला जायची आणि दरवर्षी त्यातली काही परत येत नसत. कुलूपबंद घरं वाढत चालली होती. बस रिकामी धावू लागली, आणि ती बंद होणार अशी कुणकुण लागली.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल. दुखणं उठलं की कुणीतरी आतून हाडं पिळतंय म्हणायची. मग गोंदियाला नेऊन रक्त चढवावं लागे. अशा वेळी तिला मोटारसायकलवर बसवत नसे. गावात फोनला रेंज नाही, म्हणजे अॅम्ब्युलन्स बोलवायची तरी आधी जंगलातून तासभर चालून हमरस्त्याचा फाटा गाठायचा, आणि तीही जंगलातल्या वाटेनं आत यायला कां-कूं करणार. बस होती म्हणून ती जगत होती, इतकं ते सरळ होतं.

सरपंचीणबाईंनी युक्ती काढली. रोज पाळीपाळीनं माणसं बसमध्ये बसवायची. गोंदियापर्यंत जायची फुरसत कुणाला? फाट्यापर्यंतचं तिकीट काढायचं, उतरायचं आणि मोहाच्या झाडांमधून पायी परत यायचं. आम्ही हे इमानेइतबारे केलं. म्हाताऱ्या धुतलेलं लुगडं नेसून, काहीएक काम नसताना बसच्या खिडकीशी बसायच्या. कंडक्टर चिडवायचा, "काय जी, आज कोनाची पाळी हाय?" सगळे हसायचे. मला मात्र परतीच्या वाटेवर भीती वाटायची. दर महिन्याला आमच्यातलं कुणीतरी कमी झालेलं असायचं. कुणाचा मुलगा येऊन आईबापाला घेऊन गेलेला, कुणी नुसतंच गेलेलं.

मग एसटीचे एक साहेब गाडीत माणसं किती असतात ते बघायला येणार असं कळलं. त्या दिवशी आम्ही कहरच केला, सगळं गाव गाडीत चढवलं. बहीणही नवी साडी नेसून आली. मी नको म्हटलं तर माझ्यावरच डाफरली, "माह्यासाठीच गाडी पायजे ना? मंग मी काऊन नाई येऊ?"

गाडी खचाखच भरलेली पाहून साहेब खूश झाले. फाट्यावर ती भस्सकन रिकामी झाली. कुणाच्या हातात साधी पिशवी नाही. सगळे वळून जंगलाच्या वाटेला लागले, तेव्हा साहेबही खाली उतरले.

"परत पायीच जाता?"

"व्हय जी, रोजच जातो," एक बुढा ताठ मानेनं म्हणाला.

"मग येतानाही पायीच या ना. गाडी फाट्यावर मिळेल."

सरपंचीणबाई पुढे झाल्या. "गावात बिमार पोरगी हाय साहेब. तिले चालनं होत नाई." आणि त्यांनी बहिणीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही? चांगली उभी आहे की."

त्या माणसाचा मला आजही राग येतो. पण त्याला दिसलं तेच तो बोलला होता, आणि ते त्याला आम्हीच दाखवलं होतं.

त्यानंतर बस गावात आली नाही. हिवाळ्यात, धान कापून पोरं गेल्यावर, एका दुपारी बहिणीचं दुखणं उठलं. खाटेला बांबू बांधून तिला फाट्यापर्यंत न्यायचं ठरलं. एका टोकाला मी, दुसऱ्याला सरपंचीणबाई, तिसऱ्याला शेजारचे काका. तो ताठ मानेचा बुढा चौथ्या टोकाला वाकला, खाट जेमतेम उचलली आणि त्याचे गुडघेच बसले. मी घरोघर हाका मारत फिरलो. कुठे कुलूप, कुठे दारात बसलेली एखादी म्हातारी.

परत आलो तेव्हा बहीण डोळे मिटून पडली होती. "दादा, चौथा कोन हाय?"

"येऊन रायला," मी म्हटलं, आणि रिकाम्या गल्लीकडे बघत उभा राहिलो.