रिकाम्या पेट्या आणि विहीणबाई

जिथे माणसं गप्प राहतील असं वाटतं, तिथेच ती जास्त बोलतात. आमच्या केतकीच्या हॉलमध्ये दर रविवारी एक तरी किस्सा होतोच.

केतकी माझी सून. इथे जर्मनीत एर्लांगेनला ती जुन्या रोमन लोकांच्या दगडी शवपेट्यांवर डॉक्टरेट करते. मेलेली माणसं रोमन, पण पेटीवर कोरलेल्या गोष्टी ग्रीक देवादिकांच्या. तिच्या विद्यापीठाच्या हॉलमध्ये त्या पेट्यांच्या प्लास्टरच्या नकला आहेत. रविवारी ती आपल्या मराठी मंडळींना त्या दाखवते. तिला सातवा लागलाय, म्हणून पिशवी मी धरते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण प्रश्न विचारायला तेवढी पुरते.

साताऱ्याहून विहीणबाईंचा फोन आला. "पोटुशी पोर मढ्यांच्या पेट्यांत फिरते आणि तुम्ही पिशवी धरता?"

मी म्हटलं, "अहो, प्लास्टरच्या आहेत. रिकाम्या."

"रिकाम्या तर आणखी वाईट. मी येते आणि तिचं काम बंद करते."

केतकीचं तोंड उतरलं. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय. बाळ आल्यावर कोण लिहू देतंय?

एका पेटीवर वीराचं अंग पिळदार, विशीतलं. चेहरा मात्र साठीतला, सुरकुतलेला. मेलेल्याचा चेहरा म्हणे असा ग्रीक वीराच्या धडावर बसवायचे. मंडळींतले इंजिनिअर कुलकर्णी पोट आत ओढून म्हणाले, "मलाही अशीच बॉडी मिळेल का?"

त्यांची बायको म्हणाली, "अहो, घेताच आहात तर चेहराही बदलून घ्या."

पुढच्या पेटीवर चेहराच नव्हता, नुसता गोळा. पेटी आधी तयार ठेवायची, चेहरा गिऱ्हाईक आलं की कोरायचा. हा राहूनच गेला.

कुलकर्णी म्हणाले, "म्हणजे कस्टमरचं अप्रूव्हल पेंडिंग."

"काका, कस्टमर वारला होता," केतकी म्हणाली.

"गेनाऊ," दारावरचे जर्मन आजोबा म्हणाले. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नाही, पण ते सगळ्यालाच गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतात.

मग एंडिमिऑन. देखणा मेंढपाळ, कायमचा झोपलेला. चंद्राची देवी रोज रथातून उतरून त्याला बघायला येते. बायका म्हणाल्या, "किती रोमँटिक."

मी म्हटलं, "बाई रात्रपाळी करून येते आणि हा आडवाच. यात रोमँटिक काय?"

भिंतीला टेकून जांभई देणारा माझा निखिल सरळ उभा राहिला.

आणि विहीणबाई खरंच आल्या. पर्स छातीशी धरून हॉलमध्ये शिरल्या. "एकदा बघते आणि हिला घरी नेते."

केतकीने त्यांना अल्सेस्टिसच्या पेटीसमोर उभं केलं. राजाचं मरण जवळ आलंय. त्याच्या जागी दुसरं कोणी मेलं तर तो वाचेल. कोणी तयार होईना. शेवटी त्याची बायको अल्सेस्टिस गेली.

"आणि याचे आईबाप?" विहीणबाईंनी विचारलं.

"होते ना, आई. हे काय, इथेच कोरलेत. त्यांनाही विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

विहीणबाईंनी प्लास्टरमधल्या त्या म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोराकडे वळल्या.

"निखिलराव, तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी तुमच्या आईला विचारा. केतकीला लिखाण पुरं करायचंय."