टाकून द्यायचं पाणी

कोलकात्याला जायचं ठरलं ते फोनवर, भांडी घासता घासता. सुमनमावशी म्हणाली, "काकांची किडनी बरी नाही गं. येऊन जा एकदा." मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मावशीने मला कधीही 'पुढे काय' असं विचारलेलं नाही. त्यामुळे तिने बोलावलं की मी जाते. कराडहून आधी पुणं गाठायचं, मग पुण्याहून हावड्याला दीड दिवस लागतो. स्लीपरने गेलात तर खाणं घरून न्या आणि वरचा बर्थ घ्या, म्हणजे नागपूरनंतर कुणी उठवत नाही.

हावडा स्टेशनबाहेर टॅक्सीवाले घेरतात. त्यांना टाळून सरळ नदीकडे चालत जा. फेरीबोट दहा रुपयांच्या आत पलीकडे सोडते. तिथून बालीगंजला बस मिळते. मी सोमवारी दुपारी पोचले. काका दारातच उभे होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. ते केंद्र सरकारच्या नोकरीत इथे बदलून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले.

"ये गं भटके," ते म्हणाले. "किती दिवस टिकणार आहेस?"

"शुक्रवारपर्यंत."

"म्हणजे तुझा विक्रमच झाला."

मंगळवारी सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात बसले होते. गाजर, दुधी, पालक, थोडं बीट, सगळं बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत होतं. दोन तासांनी तिने भाज्या उपसून काकांच्या जेवणासाठी बाजूला ठेवल्या. उरलेलं गुलाबीसर पाणी जिरं आणि आल्याचा तुकडा घालून उकळलं, गाळलं आणि एक ग्लास काकांना नेऊन दिला. अर्धी वाटी मला.

हे पाणी मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या आजोळी ताप आला, तोंडाची चव गेली, बाळंतिणीला थकवा आला, उन्हाळी लागली, की भाज्यांचं पाणी. थोडं मीठ, वरून लिंबू. पोटाला हलकं असतं, घशाखाली उतरतं आणि दोन दिवस न जेवलेल्या माणसाला त्यानेच भूक लागते. टायफॉइडमध्ये मी आठवडाभर त्यावरच होते. त्यामुळे अर्धी वाटी पिताना मला काहीच खटकलं नाही. उलट वाटलं, काका नशीबवान आहेत.

"सकाळी एक, चार वाजता एक," मावशी म्हणाली. "तेवढीच ताकद. बाकी सगळं तर बंद केलंय डॉक्टरांनी."

अकरा वाजता काकांबरोबर दवाखान्यात मी गेले, कारण मावशीच्या गुडघ्यांना जिने जमत नाहीत. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. पोटॅशियम उतरतच नव्हतं. ते हिंदीत म्हणाले, पथ्य नीट चाललंय म्हणता, मग हे येतंय कुठून? पुढच्या आठवड्यातही असंच राहिलं तर डायलिसिसचा विचार करावा लागेल. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात, हेही त्यांनी काकांसमोरच सांगितलं. काका नखं बघत बसले होते.

मग आहार सांगणाऱ्या बाई आल्या. भाज्या चिरून भिजवता ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, हां, म्हणजे पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी टाकून द्यायचं.

माझ्या तोंडात अजून जिऱ्याची चव होती.

त्या बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण काका शेजारी होते आणि मला वाटलं, मावशीला एकटीला गाठून सांगावं. घरी गेल्यावर मावशी फोनवर होती. मग चार वाजले. ती ग्लास घेऊन गेली आणि मी गॅलरीत उभी राहून समोरच्या शाळेतून सुटणारी मुलं बघत होते.

बुधवारी सांगणार होते. सकाळी फुलांचा बाजार बघून येते म्हटलं, तासाभराचं काम. हावडा पुलाच्या पायथ्याशी हा बाजार भरतो, सातच्या आत जा. पिवळ्या झेंडूचे दोर डोक्यावर वेटोळे करून माणसं धावत असतात, खाली चिखल आणि चुरगळलेल्या पाकळ्या. चप्पल घसरते, बूट घाला. एका म्हाताऱ्या हारवाल्याने विचारलं, "दिदी, पूजा कोथाय?" म्हणजे पूजा कुठे आहे. मी म्हटलं, पूजा नाही, बघायला आले. तो हसून म्हणाला, बघण्याचे पैसे नाहीत. मग मी बोटीने पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा काका झोपले होते आणि मावशी पालक निवडत होती. तिचा चेहरा इतका शांत होता की मी तिच्यासमोर बसून पालक निवडायला लागले.

गुरुवारी तर मी नुसती बालीगंज स्टेशनजवळच्या पोस्टात जायला निघाले होते. फलाटावर कॅनिंग गावाकडे जाणारी लोकल उभी होती. तिकीट चहाच्या किमतीएवढं. बसले. माशांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतणाऱ्या बायका, मग भातखाचरं, मग पाण्याचा वास. कॅनिंगला नदीकाठी उकडलेलं अंडं खाल्लं. छान जागा आहे, जरूर जा. मला तिथलं नीटसं काही आठवत नाही. मी पूर्ण वेळ वाक्य जुळवत होते. मावशी, तू काकांना जे देतेस ना. मावशी, रागावू नकोस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच गोष्ट येत होती, की पंचेचाळीस वर्षं ज्याची काळजी घेतलीस त्याला तूच...

शुक्रवारी संध्याकाळची गाडी होती. सकाळी पातेलं गॅसवर चढलेलं होतं.

"मावशी, हे पाणी काकांना देऊ नकोस."

"का गं? जिरं जास्त झालं?"

"भाज्या भिजवतात ना, त्यातलं पोटॅशियम पाण्यात येतं. त्यासाठीच भिजवायच्या असतात. हे पाणी फेकायचं असतं."

"फेकतेच की. तीनदा धुते. फवारणीचं विष असतं ना भाज्यांवर, ते आधीच जातं. डॉक्टरांनी भिजवायला सांगितलं ते त्यासाठीच. हे तर स्वच्छ पाणी आहे, सत्त्वाचं."

"फवारणीचं नाही गं. सत्त्वच नकोय त्यांना."

बाहेरून काकांचा आवाज आला, "सुमन, पाणी झालं का?"

तिने गॅस बंद केला. "आज नाही," ती म्हणाली, पण इतकी हळू की त्यांना ऐकू गेलं नसणार. मग पातेलं सांडशीने उचलून मोरीत ओतलं आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

डॉक्टरांना फोन मीच केला. त्यांनी लगेच बोलावलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, औषध दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. माझी गाडी गेली. दवाखान्यातल्या बाकावर मावशी पर्स मांडीवर धरून बसली होती. एकदाच बोलली. "आई म्हणायची, भाजीचं पाणी फेकलं तर भाजीत राहिलं काय." मी रविवारी निघाले. तत्काळचं तिकीट जवळजवळ दीडपट पडतं, ते हिशेबात धरा.

आता कराडला परत येऊन दोन आठवडे झाले. कोलकात्यात काय बघावं हे तुम्हाला वर सापडेल. भाज्यांचं पाणी मी अजूनही करते, अंग मोडून आलं की पिते, बरं वाटतं. पण घरात कुणाची किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टरांना हे पाणी नाव घेऊन विचारा. नुसतं 'पथ्य पाळतो' म्हणू नका. आणि कुणाच्या स्वयंपाकघरात असं काही दिसलं, तर त्याच क्षणी बोला. चुकीच्या शब्दांत बोललात तरी चालेल.

काल मावशीचा फोन आला. पोटॅशियम उतरलंय, डायलिसिस तूर्तास नाही. मी 'बरं झालं' म्हणेतोवर तिने विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी. दवाखान्यातच."

ती म्हणाली, "म्हणजे मंगळवारचं चारचं. बुधवारचे दोन. गुरुवारचे दोन."

"हो."

"पाच ग्लास."

मी काकांशी बोलू का, असं विचारलं. "झोपलेत," ती म्हणाली. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि काका आवाज वाढव म्हणून सांगत होते.

मी बरं म्हटलं.