सशांच्या बेटावर बर्फीला घेऊन

कपडे ठेवायच्या जाळीच्या टोपलीत ससा बसवला, वर माझी जुनी ओढणी बांधली आणि शनिवारी सकाळी आम्ही दुबईतल्या अल कुसैसहून निघालो. लिफ्टमध्ये शेजारच्यांनी विचारलं, पिकनिक का? श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, हो म्हणाला. मीरा, आमची मुलगी, टोपली घट्ट धरून उभी होती. ती तेरा वर्षांची आहे आणि टोपलीतली बर्फी तिची.

श्रीकांतची इथली नोकरी संपली. जूनमध्ये आम्ही कायमचे सांगलीला परतणार. सोफा, फ्रीज, वॉशिंग मशीन मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकल्या टाकल्या गेले. बर्फीला मात्र कुणी विचारेना, आणि ससा सोबत न्यायची परवानगी काही मिळेना. तेवढ्यात वैशालीचा फोन आला. ही माझी मैत्रीण, गेल्या जूनमध्ये पुण्याला परत गेलेली. म्हणाली, पूर्व किनाऱ्यावर खोर फक्कानजवळ एक छोटंसं बेट आहे, तिथे ससे मोकळे राहतात, माणसाच्या अंगाखांद्यावर खेळतात. आपला पांढऱ्या कानांचा तपकिरी ससा चिकू तिने जाताना तिथेच सोडला होता. "स्वर्ग आहे गं सशांचा! गेलात तर आमच्या चिकूचा फोटो पाठव."

मी विचारलं होतं, पाण्याचं काय? ती म्हणाली, ससे कुठे पाणी पितात, पाल्यातूनच भागतं त्यांचं. हे तर मला लहानपणापासून ठाऊक. सासूबाईही तेच म्हणायच्या. विषय संपला.

मीराने मात्र अट घातली. "आय विल सी इट फर्स्ट. मला नाही आवडलं तर बर्फी घरी परत येणार."

शारजा मागे पडलं की वाळवंट, आणि ते संपलं की डोंगर लागतात. कसले डोंगर! देवाने उभे केले आणि माती घालायची विसरला. नुसता तपकिरी दगड, गवताचं पातं दिसेल तर शपथ. एकामागून एक बोगदे, आणि शेवटचा संपला की समोर एकदम निळाशार समुद्र. बंदरावरच्या क्रेनखाली रंगीबेरंगी कंटेनर रचलेले. श्रीकांत खुशीत होता. बघ, किती छान जागा, असं तो मीराला दर पाच मिनिटांनी सांगत होता. ती टोपलीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

किनाऱ्यावर एक इमाराती आजी रगाग (तव्यावर कागदासारखी पातळ पसरलेली अरबी भाकरी) करत होत्या. वर अंडं, चीज, आणि हातात वाफाळता कडक चहा. बोटं भाजली, पण चव अशी की मी दोन खाल्ल्या. आजींनी ओढणी उचलून टोपलीत पाहिलं, "अर्नब!" (ससा) म्हणून हसल्या आणि बर्फीला मूठभर जर्जीर (तिखटसर पालेभाजी) दिली. मग मोडक्या हिंदीत विचारलं, "इसको किधर ले जाता?" श्रीकांतने समुद्राकडे बोट केलं. आजींचं हसू मावळलं. त्या तव्याकडे वळल्या. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण नाव तयार होती.

नाव नदीमची. डोळ्यांवर नारिंगी गॉगल, एका हातात मोबाइल. पाच मिनिटांत श्रीकांतला बोट लागली आणि त्याला सावरताना माझी एक चप्पल समुद्रात गेली. बेट जवळ आलं. हातभर वाळू, वर खडक आणि चार काटेरी झुडपं.

नाव टेकतेय न टेकतेय तोच ते आले. झुडपाखालून, दगडामागून, पांढरे, करडे, तपकिरी, आमच्याच दिशेने धावत. मी तोंडाचा आ करून उभी. ससा म्हणजे चाहूल लागली की पळणारा प्राणी! इथे एक माझ्या अनवाणी पायावर चढला. दुसरा मीराचा घामट तळवा चाटायला लागला, सोडेचना. मीरा हसली. कितीतरी आठवड्यांनी हसली. "मॉम, दे आर सो फ्रेंडली!" गाजरं, कोथिंबीर पुढे केली, ती बघता बघता फस्त झाली. श्रीकांत माझ्याकडे बघून सुटकेचा निःश्वास टाकत होता आणि मीरा स्वतःच ओढणीची गाठ सोडायला लागली.

मी दहीभात काढायला बर्फाच्या पेटीकडे वळले. डबा पाण्यात तरंगत होता, म्हणून पेटीचं बूच काढलं. वितळलेलं पाणी खडकावर सांडलं, आणि काय सांगू! सगळे ससे मीराला सोडून त्या धारेवर तुटून पडले. एकमेकांच्या पाठीवर चढले. एक लहानगं खाली चेंगरलं तरी जीभ बाहेर काढून धडपडत होतं. पाणी संपलं, तरी ते ओला दगड चाटत राहिले. ही माया नव्हती. तहान होती.

मी नदीमला विचारलं, यहाँ पानी नहीं है?

"पानी कहाँ, भाभी? सर्दी में चल जाता है। गर्मी में सब खलास।" मोबाइलवरून नजर न काढता तो पुढे म्हणाला, "फिर नए आ जाते हैं। जो फैमिली वापस जाता है, छोड़ जाता है।"

मीराने सुटत आलेली गाठ पुन्हा बांधली, वर आणखी एक मारली. मग डब्याच्या झाकणात पाणी ओतून टोपलीत सरकवलं. बर्फीने तोंड घातलं ते वर काढलंच नाही. तीन वर्षं आमच्या घरात राहिली ही, फ्रीजजवळ, नळाजवळ. आणि एका वाटीभर पाण्याचं आम्हाला सुचलं नाही!

उलटीने गळालेला श्रीकांत उठला. आमच्या प्यायच्या बाटल्या त्याने एकेक करून डब्यात, पुन्हा बूच लावलेल्या पेटीत, दगडाच्या खळग्यांत रिकाम्या केल्या. नदीम म्हणाला, यल्ला (चला) साब, उन्हं चढतायत. श्रीकांत पेटी तिथेच सोडून नावेत बसला.

"बर्फीला घर मिळाल्याशिवाय मी तिकीट काढत नाही," तो मीराला म्हणाला. ती त्याला बिलगून बसली.

किनाऱ्यावर उतरताच त्याने प्राणी वाचवणाऱ्या लोकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या दोन मुली पिंजरे आणि पाण्याचे कॅन घेऊन बेटावर गेल्या. जेवढे हाती लागले तेवढे त्यांनी आणले. बर्फीसाठी खालच्या मजल्यावरचं एक गुजराती कुटुंब तयार झालंय. मीरा त्यांची रीतसर मुलाखत घेतेय आणि पहिला प्रश्न पाण्याचाच आहे.

त्या शनिवारी घरी पोचले तेव्हा वैशालीचा मेसेज आला होता, "चिकू भेटला का गं? फोटो?" चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी हे एवढं सगळं लिहायला बसले, कारण परतीचा हंगाम आहे आणि मंडळाच्या ग्रुपवर कालच कुणीतरी त्या बेटाचा पत्ता विचारलाय.

वैशाली, तूही हे वाचशीलच. तपकिरी ससे बरेच होते, पण पांढऱ्या कानाचा एकही नव्हता. मी प्रत्येकाचे कान पाहिले गं.