आम्ब्रे, ओम्ब्रे, ओम्ब्रो

कंपनी मला स्पेनला पाठवणार असं ठरलं आणि तंजावूरच्या आमच्या स्वयंपाकघरात स्पॅनिश शिरलं. मी पुस्तकातून शब्द वाचायचो, आई ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर उतरवून घ्यायची आणि मग मला विचारत बसायची. आमच्या घरी बोलणं मराठी, लिहिणं तमिळ. त्यामुळे स्पॅनिश शब्द आणि खाली त्याचा मराठी अर्थ, दोन्ही तमिळ अक्षरांत. ओम्ब्रे म्हणजे माणूस, ओम्ब्रो म्हणजे खांदा, आम्ब्रे म्हणजे भूक. या तिघांत मी रोज घोटाळा करायचो आणि चिडायचो तिच्यावर. तिला मात्र आठवड्यात सगळं पाठ. "जायचंय मला, तू कशाला घोकतेस?" मी एकदा खेकसलो. सांबारासाठी चिंच कोळता कोळता ती नुसती हसली.

तिकडे गेल्यावर दर रविवारी तिचा फोन यायचा. एकदा माझ्याकडे मित्र बसले होते. "जेवलास का?" असं न विचारता तिनं हळूच विचारलं, "आम्ब्रे?" मला लगेच कळलं होतं. तरी म्हणालो, "आई, हे चाळे नकोत. नीट मराठीत बोल."

ती गेली, तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. चिंचेच्या बरणीमागे दोऱ्यानं बांधलेल्या त्या पत्रिका सापडल्या. सगळ्यात वर भुकेची होती. अर्थाखाली तिनं नंतर, वेगळ्या शाईनं लिहिलं होतं, 'फोनवर आधी हे विचारायचं.'

त्यावर तिनंच काट मारली होती.