गव्हर्नरच्या पायाशी चपला

पुदुच्चेरीच्या समुद्रकाठी एका जुन्या फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा आहे. सकाळी फिरायला आलेली माणसं पाण्यात जाण्याआधी त्याच्या चौथऱ्यापाशी चपला काढून ठेवत होती. आम्ही घुटमळलो, तशी इडली विकणारी बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "रखो, रखो. साहब देखता है."

हे गालात हसले. कलेक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ह्यांचं हसूच हरवलं होतं. फोन वाजला नाही, तर बंद पडला की काय म्हणून सारखे हातात घेऊन बघायचे. इतकी वर्षं हे घरी जेवायला बसले, की त्याच फोनवर मी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून सांगत आले होते. आता मला ह्यांचीच काळजी वाटू लागली होती.

या गव्हर्नरने नवाबांना खेळवलं, दक्षिणेवर राज्य करायची स्वप्नं पाहिली. मग त्याच्याच देशाने त्याला परत बोलावलं, आणि तिकडे दाद मागता मागता तो कफल्लक होऊन गेला. आता उरलं काय, तर लोकांच्या चपला राखणं. पण मला त्याची कीव येईना. समोर एवढा समुद्र, तोंडावर वारा, आणि कुणाचंच काम त्याच्यावाचून अडलेलं नाही.

ह्यांनी चपला नीट जोडून ठेवल्या आणि खिशातला फोन माझ्या हाती दिला.

"वाजला तर काय सांगू?"

"सांग, साहेब पाण्यात आहेत," म्हणत हे विजार दुमडून निघालेसुद्धा.