दोन शुक्री आणि एक द्रोण

सदानंद चिंचणीचा. घर मासेमारीचं, बाप होडीवर, आई बोंबील सुकवणारी. आणि अशा घरात जन्मून ह्या माणसाला होडी लागायची. किनारा सुटला की पोटात ढवळायला लागायचं. बापानं दोन हंगाम वाट पाहिली आणि म्हणाला, तू आपला जमिनीवरच बघ काय ते. सदानंदनं जमिनीवर देवी काढायची, म्हणजे देवीची लस टोचायची, नोकरी धरली आणि पुढची तेवीस वर्षं तो चालत राहिला. कधीतरी मला म्हणाला होता, "चंदर, उलट्या झाल्या असत्या तर झाल्या असत्या रे. समुद्रात निदान बसून तरी काम असतं."

मी तेव्हा डहाणूच्या दवाखान्यात शिपाई होतो, त्यामुळे त्याचं जाणं-येणं रोज डोळ्यांसमोर. खांद्याला लसीचा थर्मास, त्यात मासळीवाल्यांकडून मागून आणलेला बर्फ, पिशवीत फिरवून टोचायचं हत्यार. वहाणा बहुतेक वेळा हातात, कारण टाचांना भेगा. दवाखान्यात शिरला की म्हणायचा, "जरा टेकतो." बाक पुढ्यात असायचा. पण तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं, की हा निघाला. त्याला त्या बाकावर नीट बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. आम्ही त्या बाकाला सदाभाऊचा बाक म्हणायचो, थट्टेनं.

आता 'देवी काढणं' हा आपला नेहमीचा शब्द. पण तलासरीकडच्या पाड्यांवर हा शब्द चालायचा नाही. बारक्या नावाचा एक म्हातारा त्याला तोंडावर म्हणाला होता, "देवी काढनार तू? कुठून काढनार? ती काय विहिरीत पडली?" तिथं देवी काढत नसत, पाठवत. अंगावर फोड आले की घरात पाहुणी आली म्हणायचं. फोडणी द्यायची नाही, भांडायचं नाही. खपल्या गळायला लागल्या की त्या पळसाच्या द्रोणात गोळा करायच्या, हळद-तांदूळ घालायचे आणि द्रोण शिवेबाहेर नेऊन ठेवायचा. पाहुणी पुढं गेली. मग ती देवी असो, गोवर असो, कांजिण्या असोत, सगळ्याला एकच शब्द. माणूस बरा होण्याशी त्यांना मतलब. नाव ठरवण्याशी मतलब आमच्या दवाखान्याला.

त्रेसष्ट साली, होळीच्या महिनाभर आधी, अच्छाडच्या नाक्यावर एका ट्रकचा क्लीनर तापानं पडला. तोंडावर मोहरीएवढी जागा मोकळी नव्हती. ह्याला काही प्रयोगशाळा लागली नाही, आंधळ्यानंही हात फिरवून सांगितलं असतं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी दवाखान्यामागं झावळ्यांचा मांडव घातला आणि हुकूम काढला की देवीचा जो रोगी सापडेल तो मांडवात आणायचा.

त्याच आठवड्यात सदाभाऊला दोन पाड्यांवर दोन बाया सापडल्या. वरच्या पाड्यावरची एक, खालच्या पाड्यावरची एक. दोघींना ताप, दोघींच्या अंगावर फोड, दोघींच्या दंडावर लहानपणी टोचल्याच्या खुणा. आणि टोचलेल्या माणसाला देवी आली तर ती अशी चोरपावलानं येते, की कांजिण्या म्हणाव्यात की देवी हे भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून सदाभाऊनं दोघींच्या फोडांतलं पाणी दोन लहान बाटल्यांत घेतलं, बुचावर मेण लावलं, कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि बाटल्या मुंबईच्या प्रयोगशाळेत गेल्या.

नवव्या दिवशी टपालानं दोन कागद आले. पहिल्यावर: शुक्री, वय अंदाजे वीस, तलासरी, देवी आहे. दुसऱ्यावर: शुक्री, वय अंदाजे वीस, तलासरी, देवी नाही.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले. "सदानंद, हे काय?"

"दोघी शुक्रवारी जन्मल्या, साहेब."

त्या बाजूला तसंच. शुक्रवारचा शुक्रा नाहीतर शुक्री, चैतातला तो चैत्या. आडनाव विचारलं तर हसतात. सदाभाऊनं चौदा पाडे उन्हातून केले होते, दिवस मावळताना मेण लावलं होतं, आणि चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव घालायचं राहून गेलं होतं. बस, एवढंच.

वरची शुक्री तोवर घरात नव्हती. ताप उतरल्यावर ती नवऱ्याबरोबर उंबरगावच्या बाजूला मिठागरावर कामाला गेली होती. राहिली खालची. तिच्या पदरी दीड महिन्याचं पोर, किडकिडीत, अजून टोचलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "जी हाताला लागते ती आणू. अंगावर डाग आहेत ना तिच्या? पंधरा दिवस मांडवात ठेवू."

"पोर अंगावर पितंय, साहेब. तेही येणार. मांडवात तो क्लीनर आहे. हिला कांजिण्या असल्या तर आपण पोराला नेऊन त्याच्या शेजारी ठेवल्यासारखं होईल."

"आणि देवी असली तर सगळा पाडा जाईल. तुला खात्री आहे?"

"मी तिचे तळहात पाहिले होते. कोरे होते. देवी तळहात सोडत नाही बहुतेक."

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. "पाच दिवस देतो. दुसरा कागद आण. तोवर तिनं झोपडीबाहेर पडायचं नाही. सहाव्या दिवशी गाडी पाठवतो."

सदाभाऊ म्हणाला, "चंदर, तू चल बरोबर. मला वाटेत कोणीतरी शिव्या द्यायला हवा." मी गेलो. एस.टी.तून उतरून दोन तास चाललो, आणि मी त्याला एकही शिवी दिली नाही, कारण त्याच्या टाचेतून रक्त येत होतं आणि तरी तो माझ्या पुढंच चालत होता.

खालच्या पाड्यावर पोचलो तर शुक्री दारात बसून पोराला पाजत होती. अंग स्वच्छ, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ झालेली, खपलीचा मागमूस नाही, नुसते गुलाबी डाग. तिची सासू जानी सूप पाखडत होती.

"उशीर केला, टोचणीवाल्या," जानी म्हणाली. "पाहुनी काल गेली."

"द्रोण कुठं ठेवला, आये?"

सूप थांबलं. "तुला कशाला?"

"त्यातल्या चार खपल्या हव्यात."

"पाठवलेला परत आनीत नाय. घरातून गेला तो गेला. तू उद्या मेलेल्याला पन हाक मारशील."

मी म्हटलं, "अगो आये, नाही दिलं तर सूनबाईला आणि नातवाला दवाखान्यात नेतील. तिथं एक खरोखरीचा रोगी आहे."

"मग त्याला हलवा ना," जानी म्हणाली. शुक्रीनं पोराला पदराआड आणखी आत घेतलं.

सदाभाऊ भिंतीला पाठ लावून उभा होता. मला वाटलं, आता हा म्हणणार, जरा टेकतो. तो म्हणाला, "आये, तुम्ही पाहुणीला कुठवर पोचवता?"

"शिवेपत्तर."

"आणि पुढं?"

"पुढं तिची ती जाते."

"ह्या उन्हात? मी तिला परत नाही आणत. मी तिला पुढं नेतो. पार मुंबईपर्यंत. हा चंदर गाडीनं नेईल, मांडीवर ठेवून."

जानीनं माझ्याकडं पाहिलं, माझी मांडी पाहिली. "मुंबईला काय देतात तिला?"

आता प्रयोगशाळेत काय करतात ते मी एकदा पाहिलं होतं, म्हणून मीच सांगितलं. खपली कुटून तिचं पाणी करतात. आत पिल्लू धरलेलं कोंबडीचं अंडं घेतात, कवचाला बारीक खिडकी पाडतात आणि ते पाणी आतल्या पडद्यावर सोडतात. तीन दिवसांनी उघडतात. पडद्यावर पांढरे ठिपके उठले तर देवी. कांजिण्या असल्या तर काही उठत नाही.

जानीनं पाखडायला सुरुवात केली. "म्हंजे ती तिथं पन कोंबडीच मागते," ती म्हणाली. "आनि तुम्ही नुसत्या अंड्यावर भागवता. चिकट लोक." मग उठली. "चल. पन मी हात लावनार नाय."

शिवेवर उंबराच्या बुंध्याशी द्रोण होता. मुंग्या लागल्या होत्या तांदळाला. सदाभाऊ गुडघ्यावर बसला, चिमट्यानं सहा खपल्या उचलल्या, बाटलीत टाकल्या. ह्या वेळी चिठ्ठी लिहायला त्याला एवढा वेळ लागला की जानी कंटाळून उंबराखाली बसली. त्यानं लिहिलं: शुक्री, काकड्याची बायको, जानीची सून, खालचा पाडा, उंबराजवळ, पदरी पोर. मग मला वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं.

मी रात्रीची गाडी धरली. प्रयोगशाळेतल्या माणसानं चिठ्ठी वाचून विचारलं, "हे पत्र आहे का?" मी तीन दिवस तिथल्या व्हरांड्यात काढले. चौथ्या दिवशी त्यानं मला बोलावून अंडी दाखवली. एक आधीच्या कोणा रोग्याचं, पडद्यावर पांढरे ठिपके पसरलेले, भाताची शितं सांडल्यासारखे. दुसरं आमचं. स्वच्छ, नुसत्या लाल शिरा. मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, तीन अंडी घातली होती, तिन्ही कोरी. वर काचेवर पुसूनही दुर्बिणीखाली पाहिलंय.

कागद खिशात घालून मी डहाणूला उतरलो तो पाचवा दिवस होता. सदाभाऊ दवाखान्यात माझीच वाट पाहत होता, उभा. डॉक्टरांनी कागद वाचला, आपल्या हातानं गाडीचा हुकूम फाडला आणि म्हणाले, "म्हणजे देवी आहे ती दुसरीला."

"हो," सदाभाऊ म्हणाला. "मिठागरावर. दहा-बारा दिवस तिथं माणसांत आहे ती."

त्याचा चेहरा मी पाहिला. आनंद व्हायला जेवढी ताकद लागते तेवढीही उरली नव्हती. आम्ही आधी खालच्या पाड्यावर गेलो, कारण वाट तिकडूनच. शुक्री झोपडीबाहेर आली, पोर छातीशी. सदाभाऊनं दुरूनच हात हलवला, नाही म्हणून. तिला कळलं. ती दारातच बसली आणि पोराला पाजायला घेतलं.

जानीनं मला विचारलं, "पोचली का ती?"

"पोचली."

"नीट?"

"नीट. मांडीवरून."

"मग झालं," ती म्हणाली आणि सदाभाऊकडं वळली. "आता बस थोडा. पेज हाय."

"जरा टेकतो," सदाभाऊ म्हणाला. ओट्यापर्यंत गेला, थर्मास खाली ठेवला, झाकण उघडून बर्फ पाहिला. अर्धा वितळला होता. त्यानं झाकण लावलं, थर्मास खांद्याला अडकवला. पेज उभ्यानंच प्याला आणि वहाणा हातात घेऊन उंबरगावच्या वाटेला लागला.